एक नंबरची नळी

बिराजदार सिस्टर रक्त काढताना समोरच्या माणसाला एकच गोष्ट सांगायच्या, "माझ्याकडं बघा, सुईकडं न्हाय." आणि माणूस निमूट बघायचा. बघण्यासारखं तसं काही नव्हतं. रुंद कपाळावर विभूतीची पुसट रेघ, कानात जुन्या घडणीच्या कुड्या, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली. पण त्या बघा म्हणाल्या की बघावंच लागे. तेवढ्यात नळी भरलेली असे. मग कापसाचा बोळा दाबून त्या दुसरं वाक्य म्हणत, "हात दुमडून धरा. मी सांगेपर्यंत सोडायचा न्हाय."

खरं तर त्या सिस्टर नव्हत्याच, लॅब टेक्निशियन होत्या. पण हातात सुई धरणाऱ्या बाईला सोलापुरात दुसरं काय म्हणणार? माहेर अक्कलकोटकडचं, त्यामुळे घरात कानडी. नवरा रेल्वेत होता, तो गेल्यावरही त्या होटगीतच राहिल्या आणि तिथून रोज शहरात येत. पूर्व भागातल्या विणकरांच्या बोळांत फिरून तेलुगूही शिकल्या होत्या. नळी भरताना मनातल्या मनात मोजायच्या ते कानडीत, ओंदु, एरडु, मूरु. रागवायच्या मराठीत. आणि धीर द्यायच्या तेलुगूत, "नोप्पी लेदम्मा." दुखणार नाही गं बाई.

त्यांना जाऊन आता दीड वर्ष होईल. आठवण येते म्हणून लिहायला बसलो, असं म्हटलं तर ते अर्धंच खरं. उरलेलं अर्धं असं की माझ्या टेबलाच्या खणात एक यादी कुलपात असे, त्या यादीत पहिलं नाव त्यांचं होतं, आणि त्या नावापुढे काय आलं आहे ते मी त्यांना वेळेवर सांगितलं नाही.

शुक्रवार पेठेत एका बेकरीच्या माडीवर आमचं छोटं संशोधन केंद्र होतं. डॉक्टरसाहेब प्रमुख, सिस्टर रक्त आणणार, आणि मी जोशी, आकडे भरणारा कारकून. काम असं की शहरातल्या काही बोळांतल्या माणसांचं दर वर्षी एकदा उपाशीपोटी रक्त घ्यायचं, ते गोठवून ठेवायचं, आणि पुढे कितीतरी वर्षं त्या माणसांवर लक्ष ठेवायचं. कुणाचं हृदय बिघडतं, कुणाचं अंग लुळं पडतं, कुणाचं भान जातं. मग मागे वळून बघायचं, की या माणसांच्या रक्तात आधीपासून कुठली चरबी जास्त होती. डॉक्टरसाहेबांचा डोळा होता ट्रान्स फॅटवर. पातळ तेलावर प्रक्रिया करून घट्ट वनस्पती तूप करतात तेव्हा त्यात ही चरबी तयार होते, ती रक्तातल्या वाईट कोलेस्टेरॉलला वर नेते आणि चांगल्याला खाली आणते, आणि माणसाच्या तांबड्या पेशींत जाऊन बसते. म्हणून रक्त बघितलं की गेल्या काही महिन्यांत माणसानं काय खाल्लं ते कळतं. हे सगळं ऐकून सिस्टरांनी एका वाक्यात सार काढलं होतं, "म्हंजे तोंड खोटं बोलतंय, पण रक्त चहाडखोर असतंय."

नळीवर नाव लिहायचं नाही, फक्त नंबर. कुठला नंबर कुणाचा, ती यादी माझ्या खणात आणि खणाची किल्ली माझ्या जानव्याला. निकाल ज्याचा त्यालासुद्धा सांगायचा नाही, असं कागदावर लिहून सगळ्यांच्या सह्या घेतलेल्या. नियम मला आवडतात. ज्याच्यात स्वतःची अक्कल चालवण्याची हिंमत नसते त्याला नियम आवडतातच.

पहिल्या दिवशी बोळात कुणी पुढे येईना. बायका दारांतून बघत होत्या, पोरं हसत होती. सिस्टरांनी ओट्यावर बैठक मारली, रबरी पट्ट्याचं एक टोक दातांत धरून स्वतःच्याच दंडाला आवळलं आणि डाव्या हातातलं रक्त उजव्या हातानं काढलं. "बघा, मेले का मी?" त्या बायकांना म्हणाल्या. नळी माझ्याकडे सरकवली. "लिवा एक नंबर." ती नळी तशीच पाहणीत गेली आणि दर वर्षी पहिली नळी सिस्टरांचीच व्हायची. एक नंबर कुणाचा हे अख्ख्या कचेरीत दोघांनाच माहीत होतं. त्यांना आणि मला.

सिस्टर माणसं तोंडावरून ओळखत नसत, शिरांवरून ओळखत. रस्त्यात कुणी नमस्कार केला तर क्षणभर गोंधळायच्या आणि मग त्याच्या कोपराकडे बघून म्हणायच्या, "हां, तुमी व्हय! पळपुटी शीर." एक पैलवान होता, मांडीएवढा दंड. सुई बघून त्याला दरदरून घाम फुटला. सिस्टर त्याला म्हणाल्या, "आकाड्यात शड्डू ठोकताय, आन् हितं आईची आठवण येती व्हय? बघा माझ्याकडं." त्यानं बघितलं आणि खरंच "आई गं" म्हणाला. सगळा बोळ हसला. त्यानंतर तो दर वर्षी पहिल्या पाचांत येऊन बसे, कारण सिस्टरांनी ती गोष्ट पुन्हा कधी काढली नाही.

आता खारीकडे येतो.

पहिल्याच वर्षी नरसम्मा नावाची एक विडीवाली रक्त दिल्यावर ओट्यावरच कोसळली. चाळिशीची बाई, मांडीवर सूप घेऊन दिवसभर विड्या वळणारी. शुद्धीवर आल्यावर कळलं की आम्ही 'उपाशी या' म्हणालो होतो, ते तिनं शनिवारच्या उपासासारखं धरलं आणि आदल्या दुपारपासून पाण्याचा घोटही घेतला नव्हता. सिस्टरांना ते फार लागलं. माडीवर येऊन मला म्हणाल्या, "जोशीभाऊ, आमच्यात दारात आलेल्या माणसाला रित्या तोंडानं घालवत न्हाईत. हितं तर आपण त्याचं रक्त घेऊन घालवाय लागलोय." दुसऱ्या दिवसापासून त्यांच्या उजव्या हातात बर्फाची पेटी आणि डाव्या हातात पत्र्याचा डबा दिसू लागला. डब्यात आमच्या माडीखालच्या बेकरीतली ताजी खारी. पदरच्या पैशानं. रक्त दिलं की कपभर चहा आणि दोन खाऱ्या. डॉक्टरसाहेब एकदा म्हणाले, केंद्रातर्फे बिस्किटं देऊ. सिस्टर म्हणाल्या, "बिस्कीट पोरांला देतेत. मोठ्या माणसाला खारी."

रक्त उपाशीपोटीच काढलेलं, त्यामुळे नंतर काय खाल्लं याचा पाहणीला काही धोका नव्हता. मी नियम तपासून पाहिला होता. खारी द्यायला मनाई नव्हती.

डब्यात उरलेली खारी कुठे जायची? अन्न टाकणं सिस्टरांना ठाऊकच नव्हतं. दुपारी त्या आणि मी चहाबरोबर ती संपवत असू. बहुतेक दिवस तेच त्यांचं जेवण. मी घरून पोळीभाजी न्यायचो, तरी दोन खाऱ्या माझ्याही वाट्याला यायच्या.

चार वर्षं अशी गेली. मग साठवलेल्या सगळ्या नळ्या दुसऱ्या शहरातल्या मोठ्या प्रयोगशाळेत गेल्या आणि एके दिवशी आकडे आले. मी ते भरत गेलो तसतसा डॉक्टरसाहेबांच्या कपाळावरच्या आठ्या वाढत गेल्या. इतर बोळांतल्या रेषा आडव्या होत्या. नरसम्माचा बोळ वर्षागणिक वर चढत होता. पहिल्या वर्षी बरा, दुसऱ्या वर्षी त्याहून वाईट, चौथ्या वर्षी सगळ्यांत वर. "या बोळात नक्की काय चाललंय?" डॉक्टरसाहेब सिस्टरांच्या आणि माझ्या देखत स्वतःशीच म्हणाले. त्यांच्या आवाजात काळजी होती आणि थोडा आनंदही. संशोधकाला चढती रेघ दिसली की आनंद होतो, तो लपत नाही.

त्या दिवशी मी एक नंबरही बघितला. तोही चढत गेला होता, बोळाच्याही वर. यादी बंद केली, कुलूप घातलं, आणि कुलूप लागलं की नाही ते दोनदा ओढून बघितलं.

पाचव्या वर्षाची फेरी तेव्हा निम्मी झाली होती. यंदा खाण्यापिण्याची प्रश्नावलीही भरून घ्यायची होती आणि तिच्यासाठी मी सिस्टरांबरोबर बोळात जात होतो. भाकरी किती वेळा, तळलेलं किती वेळा, बेकरीचं किती वेळा. नरसम्माच्या दारात बसून विचारलं, खारी? म्हणाली, रोज. शेजारच्या घरी, रोज. त्याच्या पलीकडे, रोज, दोन वेळा. माझी पेन्सिल एकाच रकान्यात खाली खाली चालली होती. सिस्टर पलीकडे कुणाच्या तरी हाताला पट्टा बांधत होत्या. त्यांचा हात थांबला.

"नरसम्मा, रोज खारी कशाला खाती गं? भाकरीला काय झालं?"

नरसम्मानं सुपातली विडी वळता वळता वर बघितलं. तिला प्रश्नच कळला नाही. "तुमीच दिला की अक्का. रक्त काढला की खारी देता. मी पडला होता, तुमची खारी खाऊन हुशार झाला, सगळ्या बोळानं बघितला. रक्त भरतंय त्यानं. माझ्या पोरीला अंगात रक्त कमी हाय म्हणला डाक्टर, तिला पन मी सकाळ-संध्याकाळ चारतोय."

"आमीबी," शेजारीण म्हणाली. "सिस्टर उगीच देतेत व्हय?"

सिस्टर हातात धरलेला दंड तसाच धरून राहिल्या, इतका वेळ की त्या दंडाचा मालक म्हणाला, "बाई, मुंग्या आल्या." मग त्यांनी रक्त काढलं, कापूस दाबला, आणि सवयीनं डाव्या हाताला ठेवलेल्या डब्याकडे वळल्या. झाकण अर्धं उघडलं होतं. त्यांनी ते परत लावलं. बोळाच्या तोंडाशी कचऱ्याचा उकिरडा होता. सिस्टर उठल्या आणि अख्खा डबा तिथे पालथा करून आल्या. अन्न न टाकणारी बाई. सगळ्या बायका बघत राहिल्या. कुणालाच काही कळलं नाही, मला सोडून. खारी वनस्पती तुपातच होते.

दुपारी माडीवर तिघांची बैठक झाली. सिस्टर बसल्याच नाहीत. "सायेब, उद्या सकाळी मी दारोदार जाऊन सांगणार हाय. खारीनं रक्त भरत न्हाय म्हणून."

डॉक्टरसाहेब वाईट माणूस नव्हते, हे इथेच सांगतो. त्यांनी शांतपणे समजावलं. वर्षातून एकदा दिलेल्या दोन खाऱ्यांनी कुणाचं काही होत नाही. या फेरीचं निम्मं रक्त अजून यायचं आहे. आत्ता सांगितलंत तर लोक खाणं बदलतील, पाच वर्षांची मेहनत मधेच मोडेल. दोन महिने थांबा, फेरी पुरी झाली की केंद्रातर्फे रीतसर पत्रक काढू. "आणि सिस्टर, हजार माणसांत जे दिसतं ते एका माणसाबद्दल सांगता येत नाही. खारी खाणाऱ्या प्रत्येकाचं हृदय बिघडेल असं नाही, आणि न खाणाऱ्याचं बिघडणार नाही असंही नाही."

"एकाबद्दल सांगता येत न्हाय, हे बरूबर," सिस्टर म्हणाल्या. "पण एकाला सांगता तर येतंय की. मी तोंडानं कुणाला म्हणले न्हाय, खारी औषध हाय म्हणून. पण हातानं दिली. हातानं सांगितलेलं आता तोंडानं मोडाय नको का?"

"दोन महिने फक्त."

"दोन महिन्यांत ती पोर किती खारी खाईल, सायेब?"

डॉक्टरसाहेबांनी माझ्याकडे बघितलं. "जोशी, तुमचं काय मत?"

मी म्हणालो, "साहेब म्हणतात ते नियमाला धरून आहे." अजून ते वाक्य आठवलं की माझी मलाच शिसारी येते.

साहेब गेल्यावर सिस्टर माझ्या टेबलाशी आल्या. वाटलं, यादी मागतील. मी नकळत जानव्यावर हात ठेवला. पण त्यांनी वेगळंच विचारलं. "एक नंबरचं काय आलं ओ?"

"सिस्टर, सांगता येत नाही. तुम्हीही सही केली आहे कागदावर."

"माझ्याकडं बघा," त्या म्हणाल्या.

मी खणाकडे बघितलं.

खाली बेकरीत पत्र्याचे ट्रे आपटल्याचा आवाज येत होता. "कळलं," सिस्टर म्हणाल्या आणि पिशवी उचलून निघून गेल्या. त्यांना काय कळलं, हे विचारायची मला हिंमत झाली नाही.

दुसऱ्या दिवसापासून त्या होटगीहून एक गाडी आधीची पकडून येऊ लागल्या. फेरीचं काम सुरू व्हायच्या आधी एकेक दार. हे मला दोन दिवसांनी बोळातूनच कळलं. पहिल्याच दारात हसं झालं. "पयल्यांदा तुमीच दिला, आता तुमीच नको म्हणता? खारी म्हाग झाली काय?" एक म्हातारी म्हणाली, आमच्या रक्तावर यांचं काम झालं, आता खाऊ बंद. कुणी दार लावून घेतलं. ज्या बोळात सिस्टरांचा शब्द खाली पडत नव्हता तिथे त्यांना ओट्यावर कुणी बस म्हणेना. त्या उभ्या उभ्याच सांगत, "माझी चूक झाली. खारीत वनस्पती तूप असतंय. त्यानं रक्त भरत न्हाय, नासतंय. भाकरी खावा, शेंगा खावा. माझी चूक झाली." रोज तेच. साठीला टेकलेली बाई दारोदार जाऊन माझी चूक झाली म्हणत होती आणि मी माडीवर बसून रकाने भरत होतो. डॉक्टरसाहेबांना मी काही सांगितलं नाही. एवढं एकच बरं काम माझ्याकडून झालं, तेही गप्प बसण्याचं.

आठव्या दिवशी सकाळी फेरीसाठी मीही बोळात होतो. वीसेक नळ्या काढून झाल्या होत्या. बर्फाच्या पेटीत त्या रांगेनं ठेवल्या होत्या आणि तासाभरात केंद्रावर पोचायला हव्या होत्या. उन्हाळा सोलापूरचा. नरसम्माच्या दारावरून जाताना सिस्टर थबकल्या. नरसम्मा भिंतीला टेकून बसली होती. सूप मांडीवरच, पण हात चालत नव्हते. चेहरा ओलाचिंब.

"काय होतंय?"

"ग्यास झालाय, अक्का." तिनं हनुवटीखाली हात नेला, मग डाव्या खांद्यावर. "हितं... नोप्पी."

सिस्टरांनी तिची नाडी धरली. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होतो. ओंदु, एरडु, मूरु, ओठ हलत होते आणि मधेच थांबले. "रिक्षा बघा, जोशीभाऊ. पळा!"

मी बोळाच्या तोंडाशी धावलो, रिक्षा आणली. सिस्टरांनी नरसम्माला जवळजवळ उचलूनच आत घातलं. मी म्हणालो, "सिस्टर, पेटी? तुम्ही पेटी घेऊन केंद्रात जा, मी हिला नेतो." हे मी काही वाईट हेतूनं म्हटलं नव्हतं. त्या रिक्षात बसल्या होत्या, नरसम्माचं डोकं त्यांच्या खांद्यावर. "तुमाला तिची शीर माहीत हाय का?" एवढंच म्हणाल्या. "तिची लपणारी शीर हाय. तिथं तासभर टोचत बसतील. चला, बसा पुढं."

मी बसलो. पेटी नरसम्माच्या ओट्यावर राहिली.

रुग्णालयात खरंच तसंच झालं. तिथल्या दोघी नर्सनी दोन्ही हातांना टोचून बघितलं, शीर सापडेना. सिस्टरांनी त्यांना बाजूला सारून मनगटाच्या आतल्या बाजूला एका दमात सुई घातली. "बघ माझ्याकडं, नरसम्मा. माझ्याकडंच बघ." नरसम्मा बघत राहिली. दोन तास बघत राहिली. दुपारी तिथल्या डॉक्टरांनी बाहेर येऊन सांगितलं, झटका मोठा होता, वेळेवर आणलंत. सिस्टर बाकावर बसल्या आणि पदर तोंडात कोंबून रडल्या. मी त्यांना रडताना पहिल्यांदा आणि शेवटचं बघितलं.

आम्ही बोळात परतलो तेव्हा पेटीतल्या बर्फाचं पाणी झालं होतं. सकाळच्या सगळ्या नळ्या वाया गेल्या. डॉक्टरसाहेब म्हणाले, बाईला नेलंत ते योग्यच केलंत, पण एक फोन करता आला असता. ते खरंच होतं, आम्हाला दोघांनाही सुचलं नाही. मग दारोदार सांगितल्याची गोष्टही बाहेर आली. सिस्टरांना त्या महिन्यापासून कामावरून मोकळं करण्यात आलं. त्यांनी पेटी धुऊन, पुसून, उन्हात वाळवून माझ्या टेबलावर ठेवली. पत्र्याचा डबा मात्र घेऊन गेल्या.

नरसम्माचं कशामुळे झालं? तंबाखूची धूळ होती, बसून बसून काम होतं, घरात आधी कुणाला झालेलं होतं. डॉक्टरसाहेब म्हणाले ते शास्त्र म्हणून बरोबरच होतं. पण बोळाला शास्त्राशी काय करायचं होतं? नरसम्मा घरी आली आणि सगळ्यांना सांगत सुटली, अक्कांनी आधीच सांगितलं होतं. आठ दिवस बंद होती ती दारं एकदम उघडली, पण तेव्हा सिस्टर यायच्या थांबल्या होत्या. पुढच्या वर्षीच्या फेरीत त्या बोळाची रेघ खाली आली. त्याच्या पुढच्या वर्षी आणखी खाली. मधे सरकारचा नियमही आला, वनस्पती तुपातली ही चरबी कमी करावी लागली. डॉक्टरसाहेबांनी अहवालात कारण लिहिलं, 'आहारातील बदल'. तो बदल कुणाच्या पायपिटीनं झाला ते लिहायला रकाना नव्हता. आणि एक नंबरपुढे मी दर वर्षी लिहीत गेलो, 'गैरहजर'.

पाच वर्षं लिहिलं. पाहणी संपली, केंद्राची माडी रिकामी करायची ठरली, खण रिकामा करताना यादी हातात आली. आता नियम संपला होता. मी एका कोऱ्या कागदावर त्यांचे पाचही वर्षांचे आकडे माझ्या चांगल्या अक्षरात लिहिले आणि होटगीची बस धरली. वाटभर वाक्यं जुळवत होतो.

सिस्टर अंगणात शेंगा फोडत बसल्या होत्या. वाळल्या होत्या. चष्म्याला नवी काडी आली होती. "या या, जोशीभाऊ! वाट चुकला काय?" पाणी आणलं. मी बसलो आणि जुळवलेली सगळी वाक्यं विसरलो. कागद पुढे केला. "एक नंबर," म्हणालो.

त्यांनी कागद घेतला, उघडलाच नाही. "ते त्याच दिवशी कळलं होतं की. चांगलं असतं तर हसून सांगितला असता तुमी, नियम बियम गेला खड्ड्यात म्हणून. खणाकडं बघाय लागला, तवाच कळलं." मग शेंगांच्या टरफलांकडे बघत म्हणाल्या, "खारी सोडली. गोळ्या चालू हायत. दम लागतोय कदी कदी. चालायचंच."

"मग मला बोलला का नाहीत?"

"मी काय बोलायचं? मी सगळ्या बोळाला सांगितलं, माझ्या पायांनी जाऊन. मला सांगाय एक माणूस कदी येतंय, बघत बसले."

मी मान खाली घातली. माफी मागावी असं वाटलं, पण पाच वर्षांनंतर मागितलेली माफी कुठल्या तोंडानं मागायची? सिस्टर उठल्या, आत गेल्या. आल्या त्या हातात पट्टा, सुई, नळी घेऊन. होटगीतल्या एका छोट्या लॅबसाठी त्या अजून घरोघर रक्त काढत होत्या. "बाही वर करा."

"माझी?"

"मग कुणाची? चार वर्षं माझ्यासंगट खारी खाल्लासा. तुमची नळी कुणी काढली न्हाय. कारकुनाला रक्त नसतंय व्हय?" दंडाला पट्टा आवळला, बोटानं कोपरात चाचपलं. "लपून बसलीया. मालकासारखीच हाय." मी सुईकडे बघायला लागलो. "माझ्याकडं बघा," त्या म्हणाल्या. या वेळी मी बघितलं. ओठ हलत होते, ओंदु, एरडु, मूरु. तेवढ्यात झालं.

नंतर त्यांनी तोच जुना पत्र्याचा डबा आणला. आत कडक भाकरीचे तुकडे आणि शेंगाची चटणी होती. मी खाल्लं. निकाल आला की फोन करते म्हणाल्या. "आन् हे बघा, मी गप बसणारी न्हाय. काय आसंल ते सांगणार."

बसपर्यंत सोडायला आल्या. मी खिडकीशी बसलो. बस सुटली तशी कापूस धरलेला माझा हात मी नकळत सैल सोडला. मागे वळून बघितलं तर सिस्टर रस्त्याच्या कडेला उभ्या. काही ओरडत होत्या, ते ऐकू येत नव्हतं. मग त्यांनी स्वतःचाच हात कोपरात दुमडला, घट्ट छातीशी धरला, आणि दुसऱ्या हातानं त्याच्याकडे बोट दाखवत तशाच उभ्या राहिल्या, बस वळणाआड जाईपर्यंत.

तिसऱ्या दिवशी फोन आला. कोलेस्टेरॉल वाढलेलं होतं. त्यांनी आकडा सांगितला, कुठल्या डॉक्टरकडे जायचं ते सांगितलं, आणि कधी जाणार ते माझ्याकडून वदवून घेतलं. त्यानंतर चार महिन्यांनी एका पहाटे त्या झोपेतच गेल्या. खारीनं गेल्या असं मी म्हणत नाही. एका माणसाबद्दल तसं म्हणता येत नाही.

नळी दिली त्या दिवशी, बस वळल्यावर, होटगीहून सोलापूर येईपर्यंत मी हात दुमडूनच धरला होता. रक्त केव्हाच थांबलं होतं. पण सोडा असं त्या म्हणाल्या नव्हत्या.